मूत्रमार्गाचं स्ट्रिक्चर: प्रयोगशाळेत वाढवलेलं अस्तर कुठे टिकतं, कुठे नाही

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयाच्या तोंडापासून तो प्रोस्टेटमधून खाली उतरतो, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूच्या कड्यातून जातो, वृषणांच्या मागे वळण घेतो आणि शिश्नातून बाहेर येतो. या वळणाच्या भागाला डॉक्टर बल्बर युरेथ्रा म्हणतात. मार्ग आक्रसण्याचा आजार, म्हणजे स्ट्रिक्चर, सर्वात जास्त इथेच होतो. सायकलच्या दांडीवर किंवा भिंतीच्या कडेवर पाय फाकून आदळलं की हाच भाग हाडाखाली चेपला जातो. बाकीची कारणं म्हणजे अपघातात ओटीपोटाचं हाड मोडणं, कॅथेटर घालताना किंवा दुर्बिणीतून प्रोस्टेट काढताना झालेली जखम, जुना परमा, लहानपणी झालेलं हायपोस्पेडियासचं (लघवीचं भोक जन्मतः शिश्नाच्या खालच्या अंगाला असण्याचं) ऑपरेशन, आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचा पांढरी व कडक करणारा आजार. कित्येकांत कारण सापडतच नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो आणि त्यांच्यात हा आजार विरळा.

नळी आतून बारीक झाली एवढ्यावर स्ट्रिक्चर संपत नाही, आणि पुढचं सगळं समजायला ही गोष्ट आधी पक्की करावी लागते. मूत्रमार्गाच्या पातळ अस्तराभोवती कॉर्पस स्पाँजिओसम नावाचं, रक्ताने भरलेलं सच्छिद्र ऊतक असतं. अस्तर फाटलं की लघवी या ऊतकात झिरपते, सूज येते, आणि जखम भरताना तिथे कोलॅजनचा कडक व्रण तयार होतो. तो महिनोन्‌महिने आक्रसत जातो आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. म्हणजे अस्तर जातंच, पण त्या अस्तराला रक्त पुरवणारा थरही निकामी होतो. नवं अस्तर कुठूनही आणलं तरी ते ज्या थरावर बसवायचं, त्याला सर्जन बेड म्हणतात. कृत्रिम ऊतकांच्या या क्षेत्रातली बरीचशी यशापयशं या बेडच्या अवस्थेवरून उलगडतात.

निदान नीट झालं पाहिजे

त्रास उशिरा जाणवतो. नळीची जाडी फ्रेंच या मापात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. प्रौढ पुरुषाच्या मूत्रमार्गातून २४ फ्रेंचची नळी सहसा आरामात जाते. धार ठळकपणे कमी होते ती मार्ग १० फ्रेंचच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन मिलिमीटरवर आल्यावर. तोवर मूत्राशय जास्त जोर लावून वेळ मारून नेत असतं.

धारेचा वेग मोजणाऱ्या युरोफ्लोमेट्रीच्या यंत्रावर किमान १५० मिलिलिटर लघवी व्हावी लागते, नाहीतर आकडा भरवशाचा नसतो. निरोगी माणसाचा आलेख झपकन चढतो, टोक गाठतो आणि उतरतो. सर्वोच्च वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असतो. स्ट्रिक्चरमध्ये आलेख सात-आठ मिलिलिटरवर जाऊन तिथेच सपाट रेंगाळतो, कारण कुंथून कितीही जोर लावला तरी भोक तेवढंच राहतं. पन्नाशीनंतर धार कमी झाली की सगळा दोष प्रोस्टेटला दिला जातो आणि गोळ्या सुरू होतात. पण आलेखाचा माथा असा सपाट दिसला तर आधी स्ट्रिक्चर शोधावं.

त्यासाठी आरजीयू हा एक्स-रे काढतात: शिश्नाच्या टोकातून हळूहळू डाय सोडायचा आणि फिल्म घ्यायची. रुग्णाला कुशीवर तिरकं झोपवणं इथे महत्त्वाचं. सरळ उताणं झोपवून फिल्म काढली तर बल्बर भागाचं वळण कॅमेऱ्याच्या रेषेत येतं आणि ४ सेंटिमीटरचं स्ट्रिक्चर २ सेंटिमीटरचं वाटतं. चुकीच्या लांबीवर चुकीचं ऑपरेशन ठरतं. सोबत एमसीयू, म्हणजे मूत्राशय डायने भरून लघवी करतानाची फिल्म, काढली की अडथळ्याची वरची बाजूही दिसते.

आधीपासून असलेले उपाय

सळईने मार्ग रुंद करणं, म्हणजे डायलेटेशन, आणि दुर्बिणीतून व्रण कापणं, म्हणजे युरेथ्रोटॉमी, हे सर्वात सोपे उपाय. बल्बर भागातलं एकच, २ सेंटिमीटरपेक्षा लहान स्ट्रिक्चर पहिल्यांदा कापलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो. तेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कापलं तर टिकण्याची आशा फार कमी. दर वेळी नवी जखम, नवा व्रण, बेड आणखी खराब. वर्षानुवर्षं दर दोन-तीन महिन्यांनी डायलेटेशनला येणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांचं सुरुवातीला एका ऑपरेशनात भागलं असतं. औषध लावलेल्या फुग्याने रुंदी वाढवण्याचा नवा पर्याय ३ सेंटिमीटरपर्यंतच्या स्ट्रिक्चरसाठी आला आहे; पॅक्लिटॅक्सेल हे औषध व्रण पुन्हा घट्ट होण्याचा वेग कमी करतं. लांब स्ट्रिक्चरला तोही पुरत नाही.

बल्बर भागातला लहान व्रण पूर्ण कापून दोन्ही टोकं जोडता येतात आणि दहापैकी नऊपेक्षा जास्त जणांत हे टिकतं. लांबी जास्त असेल तर टोकं जुळत नाहीत. ओढून जोडली तर शिश्न वाकतं. तिथे गालाच्या आतलं अस्तर कामी येतं. ब्रिटिश सर्जन हम्बी यांनी १९४१ साली ते मूत्रमार्गासाठी वापरलं होतं, पण ही पद्धत खरी रुजली ती १९९० नंतर. हे अस्तर सतत ओलं राहणारं, केस नसलेलं, वरून जाड आणि खालून पातळ, आणि बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं. लघवीच्या वाटेला याहून चांगला माल शरीरात दुसरीकडे मिळत नाही. इटलीतले बार्बाग्ली यांनी १९९६ साली ते मूत्रमार्गाच्या वरच्या अंगाला, हाडाकडच्या बाजूला बसवायची रीत मांडली. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी पुढे एकाच बाजूने मूत्रमार्ग सोडवण्याची पद्धत दिली. दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसा तशाच राहतात आणि शिश्नाच्या त्वचेवर छेद न घेता खालच्या एका छेदातून पूर्ण लांबीचं स्ट्रिक्चर दुरुस्त होतं. सरासरी १४ सेंटिमीटरच्या स्ट्रिक्चरच्या ११७ रुग्णांत त्यांना सुमारे ८४ टक्के यश मिळालं. प्रयोगशाळेत केलेल्या प्रत्येक नव्या इम्प्लांटची तुलना या आकड्यांशी व्हायला हवी.

मग प्रयोगशाळेची गरज कुठे पडते? एका गालातून साधारण ४ ते ६ सेंटिमीटर लांब आणि दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद तुकडा निघतो. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या नळीचं तोंड असतं, ते वाचवून काढावा लागतो. आधीच दोन्ही गाल वापरून झालेले आणि स्ट्रिक्चर परतलेलं, अशा रुग्णाकडे माल उरत नाही. आणि आपल्याकडे गुटखा, सुपारी, मावा, तंबाखू आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी सुपारीने आकसलेली तोंडं दवाखान्यात रोज दिसतात. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाचं अस्तर पांढरट, चामड्यासारखं होतं. तोंड दोन बोटांइतकंही उघडत नाही. असा गाल कापला तर तोंड आणखी आवळतं आणि तुकडाही कामाचा नसतो. एका लहानशा तुकड्यातून हवं तेवढं अस्तर वाढवता आलं तर सर्वात जास्त उपयोग अशाच रुग्णांना होईल. अडचण अशी की बायोप्सीही त्याच तोंडातून घ्यायची. निदान एक निरोगी कोपरा तरी शिल्लक असावा लागतो.

इम्प्लांट तयार कसं होतं

यात दोन घटक असतात, सांगाडा आणि पेशी. काही इम्प्लांटमध्ये नुसता सांगाडा असतो, काहींत दोन्ही, आणि काहींत जवळपास नुसत्या पेशी.

सांगाडा म्हणजे पेशींना धरून ठेवणारी जाळी. डुकराच्या आतड्याचा किंवा मूत्राशयाचा थर घेऊन त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या की उरतं कोलॅजनचं जाळं. मृत माणसाच्या त्वचेपासूनही असा थर करतात. दुसरा प्रकार विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या जातीतला, पॉलिग्लायकोलिक ॲसिडसारख्या पॉलिमरचा. सांगाडा काही आठवड्यांत ते महिन्यांत विरघळतो. लवकर विरघळला तर ऊतक तयार होण्याआधी नळी बसते. फार काळ राहिला तर शरीर त्याला परकं समजून भोवती व्रण उभा करतं.

पेशी रुग्णाच्याच हव्यात, म्हणजे शरीर त्या नाकारत नाही. गालातून अर्धा ते एक सेंटिमीटरचा तुकडा लोकल भूल देऊन काढतात. काही पद्धतींत मूत्राशयाचा तुकडा घेतात. त्याआधी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांच्या रक्तचाचण्या होतात. तुकडा प्रतिजैविकं घातलेल्या द्रावणात, थंड डब्यातून प्रयोगशाळेत जातो. तिथे तो धुऊन डिस्पेस नावाच्या एन्झाइममध्ये ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. हे एन्झाइम वरचा थर आणि खालचं संयोजी ऊतक यांमधली पकड सोडवतं. सकाळी चिमट्याने एक कडा उचलली की पातळ, अर्धपारदर्शक पापुद्रा अलगद सुटून येतो. तो ओढावा लागला तर समजावं की काम अर्धवट झालंय. तसाच ओढला तर खालच्या ऊतकातल्या फायब्रोब्लास्ट पेशी सोबत येतात, झपाट्याने वाढतात आणि अस्तराच्या पेशींना जागा उरू देत नाहीत.

पापुद्र्यावर काही मिनिटं ट्रिप्सिन टाकून पेशी सुट्या करतात, मोजतात आणि प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये पसरतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी नवं पोषक द्रावण. तळ सत्तर-ऐंशी टक्के भरला की पेशी सोडवून जास्त फ्लास्कमध्ये वाटतात. हे कितीही वेळा करता येत नाही. ठरावीक वाटपांनंतर अस्तराच्या पेशी पक्व होऊन विभागणं थांबवतात, आणि तशा थकलेल्या पेशी रोवल्या तर अस्तर टिकत नाही. म्हणून सुरुवातीच्या तुकड्यात तळथराच्या तरुण पेशी पुरेशा हव्यात. शेवटी त्या सांगाड्यावर पेरतात किंवा त्यांचाच सलग पडदा करतात. तोंडातल्या तुकड्यापासून इम्प्लांट हाती यायला साधारण तीन आठवडे जातात. स्नायूच्या पेशीही वाढवायच्या असतील तर चार ते सात.

पाठवण्याआधी जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिन यांच्या चाचण्या होतात आणि किती टक्के पेशी जिवंत आहेत ते मोजतात. तोंड ही निर्जंतुक जागा नसल्यामुळे काही तुकडे जंतूंमुळे वायाच जातात आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. तयार माल फार दिवस ठेवता येत नाही. ऑपरेशनची तारीख फ्लास्कच्या वेळापत्रकावर ठरते. रुग्णाला त्या आठवड्यात ताप किंवा लघवीत जंतू निघाला तर सगळी मेहनत वाया.

ठिगळ, नळी आणि बेड

बसवलेल्या ऊतकाला पहिले दोन दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ते बेडमधून झिरपणाऱ्या द्रवावर जगतं. पुढच्या दोन दिवसांत बेडमधल्या केशवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना येऊन मिळतात. पेशी केशवाहिनीपासून सुमारे ०.२ मिलिमीटरहून दूर असेल तर तिला प्राणवायू पुरत नाही. गालाच्या खऱ्या अस्तरात वाहिन्यांचं जाळं तयार असतं, त्यांना फक्त जोडणी हवी असते. प्रयोगशाळेतल्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. सगळं बेडने करायचं असतं. भाताची रोपं कितीही जोमदार असली तरी खाचरात चिखल नसेल तर जगत नाहीत, तसंच हे आहे.

हे किती खरं आहे ते इजिप्तमधल्या ३० रुग्णांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अर्ध्या रुग्णांत गालाचं अस्तर लावलं, अर्ध्यांत मूत्राशयापासून केलेला पेशीविरहित सांगाडा. बेड चांगला असलेल्या ९ रुग्णांपैकी ८ जणांत सांगाडा टिकला. आधी अनेक ऑपरेशनं होऊन बेड खराब झालेल्या ६ जणांपैकी फक्त २ जणांत टिकला. गालाचं अस्तर मात्र, बेड चांगला असो वा खराब, सगळ्यांत टिकलं. ज्याला नव्या उपायाची सर्वात जास्त गरज, त्याच्यातच तो कमी चालतो, ही या क्षेत्रातली सर्वात अवघड अडचण आहे.

दुसरा प्रश्न आकाराचा. ठिगळ म्हणून लावलं तर सगळ्या बाजूंनी निरोगी अस्तराच्या पेशी सरकत येऊन ते झाकतात. पूर्ण नळी बसवली तर पेशी फक्त दोन टोकांकडून येऊ शकतात. सशांवरच्या प्रयोगांत पेशी न पेरलेल्या नळीच्या टोकांकडून नीट ऊतक भरलं ते फक्त अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून लांब नळीत मधला भाग उघडा राहिला, लघवी लागत राहिली आणि व्रणाने आवळला. पेशी पेरलेल्या नळ्या मात्र उघड्या राहिल्या.

माणसांत पेशी पेरलेल्या नळीचं सर्वात गाजलेलं काम मेक्सिको सिटीत झालं, अमेरिकेतल्या अँथनी अटाला यांच्या गटासोबत, आणि २०११ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. १० ते १४ वर्षांची पाच मुलं होती. मूत्राशयातून एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेऊन स्नायूच्या पेशी नळीच्या बाहेरून आणि अस्तराच्या पेशी आतून पेरल्या. सहा वर्षांपर्यंत पाहणी झाली. लघवीच्या सर्वोच्च वेगाचा, पाचही आकडे क्रमाने लावले तर, मधला आकडा सेकंदाला २७ मिलिलिटर निघाला. एका मुलाला जोडाच्या ठिकाणी आवळलेलं चार आठवड्यांत दुर्बिणीतून कापावं लागलं. निकाल सुंदर आहेत. पण मुलं पाच, तुलनेला दुसरा गट नाही, आणि वाढत्या वयात भरून येण्याची ताकद प्रौढांपेक्षा जास्त.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या गटाने पाच प्रौढांत, लायकेन स्क्लेरोससमुळे झालेल्या स्ट्रिक्चरमध्ये, मृत माणसाच्या त्वचेच्या सांगाड्यावर रुग्णाच्याच तोंडातल्या पेशी वाढवून लावल्या. सुरुवातीला पाचही जणांत ऊतक रुजलं. पुढे दोघांत ते कडक होऊन आवळलं किंवा जास्तच वाढलं. एकाचं पूर्ण, एकाचं अंशतः काढावं लागलं. रुजलं म्हणजे टिकलं असं नाही.

जर्मनीत तोंडातल्या पेशींपासून केलेलं म्युकोसेल हे उत्पादन २०१३ च्या अखेरीस मान्यता मिळवून वापरात आलं. ९९ रुग्णांच्या पाहणीत वर्षाअखेर सुमारे ६७ टक्के आणि दोन वर्षांनी ५८ टक्के यश होतं. रुग्ण बहुतेक आधी उपचार होऊन गेलेले होते आणि केंद्राकेंद्रांत मोठा फरक होता. बार्बाग्ली यांच्या एकाच केंद्रात ३८ रुग्णांत तेच उत्पादन ८४ टक्क्यांपर्यंत गेलं. माल एकच असताना एवढा फरक पडतो, यावरून सर्जनचा हात आणि रुग्णाची निवड किती मोलाची ते कळतं.

भारतातही काम झालं आहे. हैदराबादमध्ये सहा रुग्णांच्या बल्बर स्ट्रिक्चरमध्ये आधी दुर्बिणीतून व्रण कापला आणि त्या कापलेल्या जागी गालातल्या वाढवलेल्या पेशी एका खास जेलमधून सोडल्या. हे जेल थंड असताना पातळ असतं आणि शरीराच्या उबेने घट्ट होतं, त्यामुळे पेशी लघवीबरोबर वाहून जात नाहीत. चौघांचा मार्ग टिकला, दोघांना स्ट्रिक्चर परतलं. मोठा छेद टळतो म्हणून ही वाट आकर्षक आहे, पण सहा रुग्णांवरून सगळ्यांसाठी काही ठरवता येत नाही.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

आज बहुतेक रुग्णांसाठी गालाचं अस्तरच पहिला पर्याय आहे. गाल उपलब्ध नसेल तर जिभेच्या खालच्या बाजूचं अस्तर विचारात घेतात. प्रयोगशाळेतलं ऊतक सुचवलं गेलं तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर त्या चाचणीचा क्रमांक शोधा. २०१९ च्या नियमांनुसार पेशींपासून केलेलं उत्पादन नवीन औषध मानलं जातं. चाचणीला केंद्रीय परवानगी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. संशोधनाचा खर्च तुमच्याकडून मागत असतील आणि क्रमांक दाखवत नसतील तर तिथून निघा.

मग डॉक्टरांना विचारा: ठिगळ लावणार की पूर्ण नळी? पेशी असतील की नुसता सांगाडा? माझ्या फिल्मवर व्रण किती लांब आणि बेड कसा आहे? फसलं तर गालाचं अस्तर लावायला जागा राहील का? ऑपरेशनच्या आधीचे दीड ते तीन महिने डायलेटेशन बंद ठेवून, गरज पडल्यास पोटातून मूत्राशयात नळी टाकून, मूत्रमार्गाला विश्रांती देतात; व्रणाची खरी लांबी तेव्हाच दिसते. तंबाखू, सुपारी आणि सिगारेट बायोप्सीच्या आधीच बंद हवी, कारण निकोटीनने केशवाहिन्या आवळतात.

नंतर साधारण तीन आठवडे १४ किंवा १६ फ्रेंचचं सिलिकॉन कॅथेटर राहतं. ते काढण्याआधी बाजूने डाय सोडून गळती नाही ना ते पाहतात. गळती असेल तर आणखी आठवडाभर ठेवतात. पुढे ३, ६ आणि १२ महिन्यांनी युरोफ्लो, आणि मग दर वर्षी. यशाची व्याख्याही विचारून घ्या. काही अहवालांत पुन्हा उपचार लागला नाही म्हणजे यश; कडक निकषात १६ फ्रेंचची लवचीक दुर्बीण दुरुस्त केलेल्या जागेतून न अडता पुढे गेली पाहिजे. दोन केंद्रांचे टक्के शेजारी ठेवताना निकष कोणता, पाहणी किती वर्षांची आणि रुग्णांची आधी किती ऑपरेशनं झाली होती, हे तिन्ही लिहून घ्या.